बोटी घेतल्या, आता हात तयार करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. जिल्हाधिकारी, धुळे

विषय : लहान होड्या ओढून नेणे, पाण्यात उतरवणे, नांगर टाकणे आणि हाकणे यांचे प्रशिक्षण दोन्ही जिल्ह्यांत सुरू करण्याबाबत

महोदय,



२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध सुरू होता. त्यासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. शोध घेताना तिची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान जाणारी प्रवासी बोट वादळात सापडली आणि सहा जण बुडाले. एक बोट प्रशिक्षित जवानांची, दुसरी नेहमी ये-जा करणाऱ्या गावकऱ्यांची. दोन्ही अपघात समुद्रापासून लांब, बंधाऱ्याच्या आणि धरणाच्या पाण्यात घडले. तसंच पाणी आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जागोजागी आहे.

आपणा दोघांना हे पत्र एकत्र लिहितो आहे, कारण तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्या जिल्ह्याची हद्द मानत नाहीत. शिवाय ज्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे आपण अध्यक्ष आहात, त्याच्यावर २००५ च्या कायद्याने पूर्वतयारीची जबाबदारी टाकलेली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : बोटी खरेदी करून पाण्यावरचा धोका कमी होत नाही. बोट रस्त्याने ओढून नेण्यापासून ती पुन्हा ट्रेलरवर चढवण्यापर्यंतची साधी कामं ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत, अशी माणसं तालुक्यातालुक्यात असली तरच तो कमी होतो. अशी माणसं घडवायला आपल्याकडे पाणी आहे, वारा आहे आणि शिकवणारेही आहेत.

खानदेशाला कोरडा मुलूख म्हणायची सवय सगळ्यांनाच आहे. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी तापी आपल्या भागात गाळाच्या उंच दरडींमधून जाते. काठ तुटके, उन्हाळ्यात पात्र उघडं आणि पावसाळ्यात एका रात्रीत दुथडी. त्यामुळे कोकणासारखी घरोघर होडी इथे कधीच नव्हती. नदी ओलांडायच्या नावा होत्या, त्या भोई आणि कोळी समाजाच्या हातात होत्या. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र हे चित्र पालटलं. गिरणा, हतनूर, वाघूर, अनेर, अक्कलपाडा ही धरणं झाली. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज उभे राहिले. चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम हतनूरच्या फुगवट्यात आला. जळगाव शहरात मेहरूण तलाव आहे, धुळ्याजवळ नकाणे आणि डेडरगाव आहेत.

या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आणि तराफे चालतात. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेला येणारे भाविक संगमावर नावेत बसतात. अनंत चतुर्दशीला मेहरूणच्या काठावर गणपतींची रांग लागते. पूर आला की बचावाच्या बोटी बाहेर निघतात. पाणी वाढलं, पाण्यावरचा वावर वाढला, पण ते हाताळायचं ज्ञान त्या प्रमाणात वाढलं नाही.

याची किंमत आपल्या शेजारीपाजारी लोकांनी मोजलेली आहे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारमध्ये, धडगाव तालुक्यात भुषा इथे, १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीला नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या आदिवासी कुटुंबांची बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनाच्या वेळी अकरा तरुण बुडाले. उंच, जड मूर्ती बोटीवर घेतली की सगळा भार वर जातो, आणि मूर्ती एका बाजूला कलली की बोट तिच्यामागोमाग जाते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. ती बोटही भरगच्च होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. या तिन्ही ठिकाणी पाणी खवळलेलं नव्हतं. माणसं किती घ्यायची, कुठे बसवायची आणि अंगात काय घालून बसवायची, एवढं पाळलं असतं तर यातले बरेच जण आज असते.

म्हणून आता प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय शिकवायचं, हे आपल्यापुढे स्पष्ट असावं. माझ्या डोळ्यांपुढे शिडाची लहान होडी आहे, एक-दोन माणसांची. जगभर मुलं जिच्यावर शिकतात ती ऑप्टिमिस्ट जातीची होडी १९४७ मध्ये आखली गेली. तिची लांबी २.३ मीटर आणि सांगाड्याचं वजन ३५ किलो. दोघं जण ती सहज उचलून काठावर आणतात. अशी होडी शिकणाऱ्याला लगेच समज देते. एका बाजूला जास्त झुकलात की ती कलते, दोर घट्ट धरून ठेवलात की उलटते. इंजिनाच्या मोठ्या बोटीत तीच चूक लपून राहते आणि पुराच्या दिवशी एकदम बाहेर येते.

होडी पाण्यावर येण्याआधी रस्त्यावर असते आणि तिथूनच काळजी सुरू होते. ट्रेलरवर होडी ठेवताना हुकावर येणारा भार एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के असावा. होडी आणि ट्रेलर मिळून दोनशे किलो असतील तर हुकावर दहा ते वीस किलो. बैलगाडी भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको : गाडी जराशी धुरजड चालेल, उलाळ चालणार नाही. मागे भार गेला की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावर मागून भरलेले ट्रक येत असताना हे झोके सावरायला जागा मिळत नाही.

होडीचं पुढचं टोक ट्रेलरच्या खांबाला बांधायचं आणि मागचा भाग रुंद पट्ट्याने खाली ताणायचा. दोर जिथे काठाला घासतो तिथे गोणपाटाची घडी घालायची. सुकाणू काढून गाडीत ठेवायचं. डोलकाठी आडवी करून दोन ठिकाणी बांधायची आणि मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड लावायचं. हुकाखालून दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना ओलांडून नेल्या म्हणजे हूक निसटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यावर आपटत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून प्रत्येक गाठ ओढून पाहावी आणि चाकाच्या मधोमध तळहात टेकवावा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग कोरडं पडलं आहे आणि पुढे जाणं धोक्याचं आहे. धरणाच्या काठावर पोचल्यावरही ट्रेलर लगेच पाण्यात ढकलू नये. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं, ग्रीस खराब होतं आणि पुढच्या फेरीत चाक जाम होतं. बचाव पथकाची बोट पुराच्या गावी पोचायच्या आधीच रस्त्यात अडकून पडायला एवढं कारण पुरतं. वर्षभर शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रेलरच्या टायरची हवा आणि चाकांचं ग्रीस तपासण्याचं काम कुणाच्या तरी नावावर असायलाच हवं.

काठावर आल्यावर पहिल्यांदा वर बघायचं. आपल्या जलाशयांच्या काठाने शेतीचे पंप आहेत आणि त्यांच्या विजेच्या तारा काठावरूनच जातात. डोलकाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. ती तारेला लागली किंवा नुसती जवळ गेली तरी धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. डोलकाठी कुठे उभी करायची आणि होडी कोणत्या वाटेने पाण्यात न्यायची, या दोन्ही जागा तारांपासून लांब ठरवून तिथे खुणेचे दगड रंगवून ठेवले पाहिजेत. पाणी ओसरलं की काठावर काळ्या मातीचा आणि गाळाचा राडा असतो. तिथे ओढणारी गाडी खाली नेली की रुतलीच. गाडी कडक जमिनीवर ठेवून ट्रेलर लांब दोराने हळूहळू सोडणं बरं. आणखी एक बारीक गोष्ट : होडीतलं पाणी बाहेर काढण्यासाठी मागे छिद्र असतं, त्याचं बूच लावल्याशिवाय होडी पाण्यात ढकलू नये. ते राहून गेल्यामुळे मध्यावर जाऊन होडी जड होते आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

नांगराबद्दल आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. वजनदार नांगर टाकला म्हणजे होडी थांबली, असं समजलं जातं. खरं काम दोराच्या लांबीचं आहे. दोर उभा राहिला तर नांगर तळातून उपटला जातो. दोर लांब आणि तिरपा असला तर नांगर गाळात रुततो. म्हणून चार मीटर खोल पाण्यात किमान वीस मीटर, आणि वारा असेल तर अठ्ठावीस मीटर दोर सोडावा, म्हणजे खोलीच्या पाच ते सात पट. नांगराला लागून दोन-तीन मीटर साखळी असली की ओढ आणखी आडवी राहते. नांगर फेकायचा नाही, हाताने सोडायचा. तो तळाला लागल्यावर होडीला वाऱ्याने मागे सरकू द्यायचं आणि दोराला ताण येतो का ते हाताने अजमावायचं. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाकडून सोडावा. मागून सोडला तर होडीची बुटकी, सपाट बाजू लाटेसमोर येते आणि पाणी आत चढतं. मागून नांगर टाकल्यामुळे लहान होड्या जागच्या जागी बुडाल्याचे प्रकार जगभर घडले आहेत.

थांबल्यावर काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्यामागचा विजेचा खांब. त्या रेषेतून सरकल्या तर नांगर घसरतो आहे. हतनूरच्या फुगवट्यासारख्या पाण्याखाली जुनी शेतं, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे गेलेले असतात. तिथे नांगर अडकतो. नांगराच्या खालच्या टोकाला दुसरा बारीक दोर बांधून त्याला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन तरंगत ठेवला की उलट्या बाजूने ओढून नांगर सुटतो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडू लागले की वरचं पाणी चालायला लागतं. अशा वेळी बोटीचं इंजिन बंद पडलं तर दरवाज्यांकडे जाण्यापासून अडवायला नांगराशिवाय काहीच उरत नाही. तो दोरासकट तयार पाहिजे आणि दोराचं दुसरं टोक बोटीला आधीच बांधलेलं पाहिजे.

एका होडीने दुसरी ओढून आणणं हे बचावकार्यात हमखास येतं आणि त्यात माणसं घाई करतात. ओढायच्या होडीचं शीड पूर्ण उतरवावं. तळातून खाली जाणारी मधली फळी वर घ्यावी, नाहीतर वळताना होडी त्या फळीवर अडखळून पालथी होते. दोर पुढच्या एखाद्या बारीक कडीला न बांधता डोलकाठीच्या बुंध्याला किंवा तेवढ्याच मजबूत जागी बांधावा आणि पुढच्या टोकावरून बाहेर काढावा. गाठ अशी असावी की ताण असतानाही एका झटक्यात सुटेल. हाताला किंवा मनगटाला दोर गुंडाळणं ही आपली जुनी खोड आहे, ती मोडलीच पाहिजे. दोर लांब ठेवावा, वेग बेताचा आणि एकसारखा असावा. ओढल्या जाणाऱ्या होडीतल्या माणसाने मागे, मधोमध बसावं. पुढे बसला तर टोक पाण्यात घुसतं.

होडी हाकण्याचे नियम थोडे आहेत, पण ते अंगात मुरावे लागतात. शिडाचा दोर कधीही बांधून टाकायचा नाही. तो हातात असावा, म्हणजे झोत आल्याबरोबर सोडता येतो. भार खाली आणि मधोमध. जागा बदलायची असेल तर एका वेळी एकाने, वाकून. होडी उलटली तर तिला सोडून पोहायला निघू नये. पालथी होडी तरंगत असते आणि दुरून दिसते. माणसाचं एकटं डोकं पाण्यात दिसत नाही. किनारा जवळ वाटतो, तेवढा जवळ तो नसतो. होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवून मधल्या फळीवर उभं राहिलं आणि काठ धरून मागे झुकलं की लहान होडी सरळ होते. हे उथळ, शांत पाण्यात, शिकवणारा शेजारी असताना, भीती जाईपर्यंत करून घ्यायचं असतं. लाईफ जॅकेट मापाचं हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. इंजिनाच्या बोटीत चालवणाऱ्याच्या अंगाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली असली पाहिजे, म्हणजे तो पडला तर बोट त्याच्याच अंगावर फिरून येत नाही.

वारा हा आपल्या भागातला खरा शत्रू आहे. मे महिन्यात दुपारपर्यंत पानही हलत नाही आणि संध्याकाळी अचानक काळं आभाळ येतं, आधी धूळ, मग वादळ. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्याला हा वारा माहीत आहे. उभी केळी तो काही मिनिटांत आडवी करतो. तोच वारा जलाशयावर येतो तेव्हा त्याला अडवायला झाडही नसतं. उजनीची बोट अशाच मे महिन्यातल्या वादळात सापडली. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर प्रवासी होड्या पाण्यावर नसाव्यात आणि विजांचा इशारा आला असेल त्या दिवशी सकाळीही नसाव्यात, एवढा साधा आदेश आपण काढू शकता.

धुळ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पांझरेवर फड पद्धतीचे शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत, त्यांत नंतरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांची भर पडली. पाणी बंधाऱ्यावरून पडतं तेव्हा त्याच्या पायथ्याशी ते उलटं फिरतं. वरून पाहताना फेसाळ, पण फारसं भीतिदायक दिसत नाही. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचं बळ कामाला येत नाही आणि बोटही धरली जाते. म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या बाजूने भिंतीजवळ बोट न्यायची नाही. काठावरून दोर फेकून, लांब काठीने, किंवा दोन्ही काठांवरून दोराने धरलेल्या बोटीनेच शोध घ्यायचा. प्रत्येक तालुक्यातल्या पथकाला हे एकदा बंधाऱ्यावर नेऊन दाखवलं पाहिजे. पाण्यात काठी टाकली की ती कशी परत भिंतीकडे येते, हे स्वतः पाहिलेला माणूस नंतर ते विसरत नाही.

आता शिकवणार कोण, हा प्रश्न. मेहूण गावाच्या घाटावर मी एका भोई नावाड्याला भाविक बसवताना पाहिलं आहे. घोटाभर पाण्यात उभं राहून, गुडघ्याने नावेचं टोक अडवून तो एकेकाला हात देत होता. जाडजूड माणसं आधी, मधल्या फळीवर. म्हाताऱ्या बायका त्यांच्या शेजारी. पोरं आईच्या पायाशी, खाली. "मधी बसा, कडेले नका बसू," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नावेच्या बाहेरच्या अंगाला फळीवर त्याने एक खाच पाडलेली होती. पाणी खाचेला लागलं तशी त्याने उरलेल्यांना हात दाखवला. मागे उभ्या असलेल्या तरुणांनी बरंच विनवलं, पण त्याने नाव ढकलली. कायदा ज्याला भाररेषा म्हणतो, ती त्याने विळ्याने कोरून ठेवली होती. अशी माणसं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि त्यांना कुणी शिक्षक म्हणून बोलावलेलं नाही. दुसरीकडे धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे, ज्याने बचावाचं काम जिवाची किंमत देऊन केलं आहे. नावाड्याचं पाण्याचं ज्ञान आणि जवानाची शिस्त एका घाटावर आणली तर बाहेरून प्रशिक्षक आणायची गरज फारशी पडणार नाही.

आमच्याकडची मुलं यात पुढे जातील का, अशी शंका कुणी घेईल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागात, विहिरी खणणाऱ्या वडिलांच्या हाताखाली वाढला. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक घेऊन आला. २०२० च्या टाळेबंदीत नंदुरबारच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मच्छीमाराची होडी घेऊन नर्मदेतून वल्हवत पाड्यांवर जात राहिल्या, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांची तपासणी चुकू नये म्हणून. समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसांनीही ही विद्या मिळवली आहे आणि ती लोकांच्या कामी आणली आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर मुलं शिडाच्या होड्या शिकतात. त्या शहरांनाही समुद्र नाही. नकाणे आणि डेडरगावसारख्या पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर तर शीड आणि वल्हं हाच योग्य मार्ग आहे, कारण त्यात डिझेलचा थेंबही पाण्यात जात नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये आली. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला आणि इंजिन नसलेल्या होड्यांचीही स्थानिक पातळीवर नोंद घेण्याची तरतूद केली. आपल्याकडे उरलं आहे ते अंमलबजावणीचं काम. त्यासाठी आपणास माझी विनंती अशी :

१. प्रत्येक होडीची ग्रामपंचायत पातळीवर नोंद करावी. बाहेरच्या अंगाला क्रमांक, माणसांची संख्या आणि भाररेषा ठळक रंगात लिहावी. त्यापेक्षा जास्त माणसं बसवणाऱ्याची होडी त्या दिवसापुरती काठावर लावावी.

२. ज्या घाटांवरून प्रवासी होड्या सुटतात तिथे मापाची लाईफ जॅकेट ठेवावीत, लहान मुलांची वेगळी. यात्रेत आणि विसर्जनात जॅकेटशिवाय कुणीही होडीत चढू नये.

३. शासकीय बचाव बोट, तिचं इंजिन आणि ट्रेलर यांच्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. दर महिन्याला बोट पाण्यात उतरवून, नांगर टाकून, परत ट्रेलरवर चढवून नोंदवहीत सही करावी.

४. दिवाळीनंतर जलाशय भरलेले असतात आणि हवा शांत असते, तेव्हा तालुक्यांच्या पथकांचं प्रशिक्षण घ्यावं आणि पावसाळ्याआधी त्याची उजळणी करावी. शिकवायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि भोई-कोळी नावाडी यांना मानधन देऊन बोलवावं.

५. धरणांच्या दरवाज्यांच्या वरच्या बाजूला आणि मोठ्या बंधाऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारिंगी तरंग्यांची रांग लावून होड्यांना मनाई असलेली हद्द दाखवावी.

६. जळगाव आणि धुळ्यात एकेका तलावावर शाळकरी मुलांसाठी शिडाच्या लहान होड्यांचं केंद्र सुरू करावं. पोहणं आधी, शीड नंतर. मच्छीमारांच्या मुलांना त्यात पहिला प्रवेश द्यावा.

यातल्या पहिल्या पाच गोष्टींना पैसा थोडा आणि लक्ष जास्त लागेल. सहावीला थोडा खर्च येईल. पण त्यातून दहा वर्षांनी जी मुलं बाहेर पडतील ती पुढे तलाठी होतील, पोलीस होतील, शिक्षक होतील, शेतकरी होतील, आणि पुराच्या रात्री त्यांच्या गावात बोट हाकता येणारा माणूस हजर असेल.

आपण दोघांनी या पावसाळ्याआधी एकत्र बैठक बोलवावी, तिच्यात मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा विभागाचे अधिकारी, प्रतिसाद दलाचे जवान आणि घाटावरचे नावाडी यांना एकाच टेबलाभोवती बसवावं आणि पहिल्या प्रशिक्षणाची तारीख त्याच दिवशी जाहीर करावी. ती तारीख कळली की माझ्यासारखे पुष्कळ जण स्वखर्चाने मदतीला येतील.

आपला नम्र,
तापीकाठचा एक नागरिक